मागची बाजू

टेबल टेनिसची बॅट दोन तऱ्हांनी धरतात. एक शेकहँड: मूठ दांड्यावर, तर्जनी पात्याच्या कडेने. दुसरी पेनहोल्ड: अंगठा आणि तर्जनी पुढून चिमटीत, लेखणी धरावी तशी, आणि उरलेली तीन बोटं मागे. मुलुंडमध्ये संध्याकाळी एखाद्या सोसायटीच्या स्टिल्टमध्ये किंवा क्लबच्या हॉलमध्ये डोकावलं तर बहुतेक हात पहिल्या तऱ्हेचे दिसतात. पेनहोल्डचा हात दिसला की माझी नजर चेंडू सोडून त्या तीन बोटांकडे जाते. पेनहोल्डचा खेळ दिसतो पुढून, कळतो मागून.

*

बॅटमधल्या लाकडाला खेळाडू प्लाय म्हणतात. त्याच्याविषयीचा नियम आटोपशीर आहे. जाडीतलं किमान 85 टक्के लाकूड नैसर्गिक हवं. कार्बन किंवा तत्सम तंतूंचा थर घालता येतो, पण तो एकूण जाडीच्या साडेसात टक्के किंवा 0.35 मिलिमीटर, यांतलं जे कमी असेल त्याच्या आत हवा. पातं सपाट आणि ताठ हवं. आकार, घडण, वजन यांना मात्र काहीच मर्यादा नाही. हातभर रुंदीची बॅट घेऊन आलात तरी नियम आड येत नाही. तशी कोणी आणत नाही.

नियमाने मोकळं सोडलेलं मनगट बांधून ठेवतं.

*

शेकहँडवाल्याच्या तळव्यात दांडा असतो. चेंडूचा धक्का पात्यातून दांड्यात आणि दांड्यातून तळव्यात पोचतो. पेनहोल्डवाल्याचं मधलं बोट थेट पात्याच्या पाठीला टेकलेलं असतं, चेंडू पुढून जिथे लागतो त्याच्या दोन-चार बोटं खाली. चेंडू आणि बॅट यांची भेट सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागाची. तेवढ्यात काही ठरवता येत नाही, पण कळतं. फटका भरीव बसला की पोकळ, चेंडू मध्यावर लागला की टोकाला, हे चेंडूने नेट ओलांडायच्या आत बोटाला ठाऊक झालेलं असतं. पुढच्या फटक्याची तयारी याच माहितीवर होते.

चांगला प्लाय चुकीचा फटका चुकीचाच असल्याचं सांगतो. वाईट प्लाय सगळ्याच फटक्यांना बरं म्हणतो.

*

दुकानात प्लायच्या वेष्टनावर आकडे छापलेले असतात: वेग इतका, कंट्रोल इतका. हे आकडे ज्याचे त्याचे असतात. एका कंपनीचे दुसरीच्या आकड्यांशी ताडून पाहता येत नाहीत, आणि बहुतेक आकडे शेकहँडची मूठ गृहीत धरून वाचले जातात. आकड्यांपलीकडचं खरं इतकंच: जाड आणि ताठ प्लाय चेंडू लवकर सोडतो, पातळ आणि लवचीक प्लाय त्याला किंचित धरून ठेवतो. कार्बनचा थर आला की पात्याचा मोठा भाग सारखाच वेगवान होतो, पण बोटाला पोचणारी बातमी धूसर होते. शेकहँडवाला तो तोटा सोसू शकतो. ज्याचं बोटच पात्याला टेकलेलं आहे त्याला तो जास्त जाणवतो.

वेग विकत मिळतो. त्याची किंमत पैशांत थोडी आणि जाणिवेत जास्त मोजावी लागते.

*

जपानी पद्धतीचा पेनहोल्ड प्लाय हिनोकीच्या एकाच फळीचा असतो, नऊ-दहा मिलिमीटर जाड. पातं उभट, चौकोनाकडे झुकणारं. दांड्यावर तर्जनी अडकवायला बुचाचा उंचवटा. हिनोकी म्हणजे जपानी सायप्रस. इसेचं देवस्थान दर वीस वर्षांनी ज्या लाकडातून नव्याने उभारतात तेच हे लाकूड. एकच फळी, त्यामुळे सगळे तंतू दांड्यापासून टोकापर्यंत एका दिशेने धावतात. हलक्या फटक्याला ते मऊ वाटतं, ताकद लावली की चेंडू सुसाट सोडतं. मात्र तडाही त्याच दिशेने जातो. टेबलाच्या कडेवर एक आपट पुरते.

चिनी पद्धतीचा प्लाय पाच किंवा सात थरांचा, साधारण पाच-सहा मिलिमीटर जाड. पातं शेकहँडसारखं गोलसर, दांडा आखूड. थरांतले तंतू एकमेकांना छेदत बसवलेले असतात, म्हणून तो सहसा चिरत नाही. एखाद्या झाडाचा लहरीपणाही त्यात फारसा उरत नाही.

एकट्या लाकडात स्वभाव असतो, अनेक लाकडांत भरवसा. दोन्ही पुरेपूर देणारा प्लाय मी पाहिलेला नाही. तसा माणूसही नाही.

*

नवा चिनी प्लाय पेनहोल्डच्या हाताला बोचतो. पातं जिथे दांड्याला मिळतं तिथले दोन खांदे कारखान्यातून कडक धारेचे येतात. एका खांद्यावर अंगठा टेकतो, दुसऱ्यावरून तर्जनी वळते. थोडा वेळ जोरात खेळलं की तर्जनीच्या पेरावर लाल वळ उठतो आणि अंगठ्याच्या बेचक्यातलं कातडं सोलवटतं.

म्हणून रबर लावण्याआधी पॉलिशपेपर घेऊन बसायचं. आधी 80 नंबरचा, मग 120, शेवटी 220. प्लाय मांडीवर आडवा धरून तर्जनीच्या बाजूचा खांदा तिरका उतरवायचा. हात लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच फिरवायचा. आडवा फिरला तर वरच्या थराचे तुसे उभे राहतात. चार हात घासायचं, भुसा फुंकायचा, बॅट नेहमीसारखी धरून हवेत एक फोरहँड मारायचा, बोट कुठे अडतं ते बघायचं, पुन्हा घासायचं. वरचा थर झिजला की खालच्या थराची वेगळ्या रंगाची पट्टी उघडी पडते. दोन्ही खांद्यांवर ती सारख्या रुंदीची यावी असा मोह होतो. तो टाळायचा. अंगठा आणि तर्जनी यांचं काम सारखं नाही, मग त्यांच्या जागा सारख्या कशाला?

नवी कोल्हापुरी चावते, पण चालता चालता पायाला वळते. प्लाय वळत नाही. एक तर लाकूड झिजवावं लागतं, नाही तर कातडं.

*

काढलेलं लाकूड परत लावता येत नाही. घासताना जो वेळेवर थांबतो, त्याच्याच हाताला प्लाय बसतो.

*

मुलुंडच्या पूर्वेला मिठागरं आणि ठाण्याची खाडी, पश्चिमेला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. जून ते सप्टेंबर या दोहोंच्या मध्ये ओल मुक्कामाला असते. दमट हवेत लाकूड पाणी घेतं. प्लाय किंचित जड होतो, किंचित मंदावतो. रबरावर न दिसणारा ओलावा धरतो आणि टॉपस्पिनसाठी घासायला गेलेला चेंडू पकडला न जाता निसटतो. पेनहोल्डवाल्याला हे सगळं दुप्पट भोवतं, कारण त्याची पकड दोन बोटांची आणि घामाने आधी तीच सैल होते. शहाणा खेळाडू या दिवसांत घासणं कमी करतो, चेंडू अधिक भरीव मारतो, दर सर्व्हिसआधी बॅट कोरडी करतो. पाऊस परतला, ऑक्टोबरचं ऊन पडलं की तोच प्लाय बोटाने वाजवून पाहावा. आवाज वर चढलेला असतो.

बॅट आपली असते, तिच्यातली हवा गावाची.

*

जुन्या वळणाचा पेनहोल्डवाला एकाच बाजूने खेळतो. फोरहँड त्याच बाजूने, बॅकहँडही त्याच बाजूने. याचा फायदा पोटावर येणाऱ्या चेंडूला. शेकहँडवाल्याला तिथे क्षणभर ठरवावं लागतं, इकडून मारू की तिकडून. पेनहोल्डवाला मनगट वळवून मोकळा होतो. त्याच मोकळ्या मनगटामुळे सर्व्हिसमधली फिरकी लपवणं आणि नेटजवळचा आखूड चेंडू हलकेच परत ठेवणं त्याला जमतं.

तोटा डाव्या कोपऱ्यात. तिथे ब्लॉक होतो, पुश होतो. पण जोरदार टॉपस्पिन मारायला हाताची ठेवणच आडवी येते. मग त्याला पायांनी डावीकडे जाऊन फोरहँड मारावा लागतो, आणि मागे उघडा पडलेला उजवा कोपरा गाठायला लगेच परतावं लागतं. टेबलाची रुंदी 1.525 मीटर. सामना सुरू होताना ती काहीच वाटत नाही. शेवटच्या गेममध्ये ती पोटऱ्यांना विचारावी.

पेनहोल्डची ती देखणी पावलं एका उणिवेच्या पोटी जन्मली. उणीव लपवणारा अडखळतो. ती मान्य केलेला माणूस धावतो.

*

साधन आणि हात यांचा हा वाद मुंबईने फार जवळून पाहिला आहे. फेब्रुवारी 1952 मध्ये टेबल टेनिसची जागतिक स्पर्धा पहिल्यांदा आशियात भरली, ती इथेच, ब्रेबॉर्न स्टेडियमवर. जपानच्या हिरोजी सातोने जाड स्पंज लावलेली बॅट आणली. तोवर बॅटवर दाणेदार रबर असे आणि चेंडूचा आवाज हा खेळाचा भाग होता. समोरच्याने किती जोर लावला हे कानाला कळायचं. स्पंजने तो आवाज गिळला. अमेरिकेचा मार्टी रीझमन त्याच्याकडून हरला. अंतिम सामन्यात हंगेरीचा योझेफ कोचियन हरला. सातो जगज्जेता झाला, आणि पुन्हा कधीच झाला नाही. इतरांनी स्पंजची सवय करून घेतली. 1959 मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने जाडी बांधून दिली: नुसतं दाणेदार रबर 2 मिलिमीटरपर्यंत, स्पंजसह सँडविच रबर 4 मिलिमीटरपर्यंत.

नवं साधन एकदा जिंकून देतं. त्यानंतर ते सगळ्यांचं होतं आणि प्रश्न पुन्हा हातावर येतो.

*

स्पंज सर्वांचा झाल्यावर जे हात पुढे आले त्यांतले कितीतरी पेनहोल्डचे होते. जपानचा इचिरो ओगिमुरा 1954 आणि 1956 मध्ये जगज्जेता. चीनचा रोंग गुओतुआन 1959 मध्ये. झुआंग झेडोंग 1961, 1963, 1965 असा सलग तीनदा. 1987 ची जागतिक स्पर्धा दिल्लीत झाली. अंतिम सामन्यात स्वीडनच्या यान-ओव्हे वाल्डनरला हरवणारा जियांग जियालियांगही पेनहोल्डच. मागच्या बाजूने बॅकहँड मारणं हा यांच्यापैकी कोणाच्याही खेळाचा आधार नव्हता.

मग 1990 च्या दशकात लिउ गुओलियांगने ती बाजू वर काढली. मागे रबर लावलं, मनगट आत वळवलं आणि पाठीच्या बाजूने चेंडू मारला. 1996 मध्ये तो अटलांटात ऑलिंपिक विजेता झाला, 1999 मध्ये जगज्जेता. त्याच्यानंतरच्या वांग हाओने तर बॅकहँडचा बहुतेक भार या बाजूवरच टाकला.

मागची बाजू काही नव्याने लावलेली नव्हती. प्रत्येक पेनहोल्ड बॅटला ती होती, आणि पिढ्यान्‌पिढ्या उत्तमोत्तम खेळाडू तिच्यावर बोटं टेकवून खेळले. जिथे रोज हात टेकतो तिथे नजर सहसा जात नाही.

*

मागचं रबर फुकट येत नाही. चिनी प्लाय साधारण 85 ते 90 ग्रॅमचा. कापून लावलेलं एक रबर 45 ग्रॅमच्या आसपास. एका बाजूची बॅट 130-135 ग्रॅम भरते, दोन बाजूंची 180 च्या घरात जाते. शेकहँडमध्ये लांब दांडा आणि आख्खी मूठ हे वजन तोलतात. पेनहोल्डचा दांडा आखूड, म्हणून तोल पात्याकडे सरकतो आणि भार चिमटीवर येतो. मग हलका प्लाय शोधायचा, मागचं रबर पातळ घ्यायचं. प्लाय हलका झाला की फटक्यातला भरीवपणा कमी होतो. शिवाय बोटं आता लाकडावर नाहीत, रबरावर आहेत. मधल्या बोटाला मिळणारी बातमीही मंदावली.

डाव्या कोपऱ्याचं कर्ज असं फेडलं जातं: थोडं मनगटाने, थोडं स्पर्शाने. कर्ज मिटलेलं नसतं, सावकार बदललेला असतो.

*

अथेन्स, 2004. ऑलिंपिक पुरुष एकेरीचा अंतिम सामना, टेबलाच्या दोन्ही अंगांना पेनहोल्ड. एकीकडे वांग हाओ, मागच्या बाजूचा बॅकहँड हेच ज्याचं बळ. दुसरीकडे दक्षिण कोरियाचा रियू सुंग-मिन: एका फळीचा हिनोकी, खेळणारी बाजू एक. वांग हाओला डाव्या कोपऱ्यात उभ्या जागी उत्तर होतं. रियूकडे ते नव्हतं, त्याला प्रत्येक वेळी पायांनी तिथे पोचावं लागत होतं. तो पोचला आणि 4-2 ने जिंकला.

वांग हाओ पुढे 2009 मध्ये जगज्जेता झाला. 2008 आणि 2012 मध्ये पुन्हा ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात उतरला आणि पुन्हा रौप्य घेऊन आला. पद्धत मात्र त्याचीच रुजली. आज पेनहोल्ड धरणारा मुलगा मागच्या बाजूशिवाय शिकतच नाही.

काळ पद्धतीला कौल देतो. सामना त्या दिवशीच्या माणसाला कौल देतो.

*

मुलुंड पूर्वेला, नवघर रोडच्या एका सोसायटीत, एक काका अजून एकाच बाजूने खेळतात. एका शाळकरी मुलाने त्यांना विचारलं, "काका, मागे पण रबर लावा ना. बॅकहँडला एवढं पळावं लागणार नाही."

"म्हणूनच लावत नाही रे," काका म्हणाले.

मुलगा विचारात पडला. त्याच्या वयात सोय म्हणजे प्रगती, आणि ते बरोबर आहे. त्याने दोन्ही बाजू शिकाव्यात. ज्याने जन्मभर पायांवर खेळ उभा केला त्याच्या दृष्टीने तीच सोय म्हणजे पाय गमावणं. तेही बरोबर आहे. एकच प्लाय दोघांना हितकर होईल असं मानणं ही दुकानदाराची गरज असेल, खेळाची नाही.

*

नियमाप्रमाणे बॅटची एक बाजू काळी हवी, दुसरी ठळक वेगळ्या रंगाची. 1986 पासून ती जोडी काळा आणि लाल अशी होती. 2021 पासून लालऐवजी निळा, हिरवा, गुलाबी, जांभळाही चालतो. मागच्या बाजूला रबर नसेल तरी रंगातून सुटका नाही. जिने तुम्ही एकही चेंडू मारणार नाही ती बाजूसुद्धा समोरच्याला दिसली पाहिजे.

हा नियम मला फार न्यायाचा वाटतो. माणूस काय वापरतो त्यावरून तो अर्धा कळतो. काय वापरत नाही, हेही त्याने उघड ठेवावं.

*

पेनहोल्ड संपत आला असं पुष्कळ वर्षं ऐकू येतं. 2022 मध्ये युरोपचं एकेरीचं विजेतेपद जर्मनीच्या डांग चिउने पेनहोल्डने घेतलं. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये एकेरीचं कांस्य फ्रान्सच्या फेलिक्स लेब्रनने घेतलं, तेही सतराव्या वर्षी. लेब्रनच्या हातातला प्लाय षटकोनी पात्याचा आहे. नियमाने आकाराची जी मोकळीक कधीपासून दिलेली होती तिचा कोणीतरी उपयोग केला. लहानपणी मोंपेलिएच्या क्लबात एक चिनी पेनहोल्ड खेळाडू खेळायचा, त्याला पाहून या मुलाने ही पकड उचलली.

पकड टिकायला देश लागत नाही, संस्था लागत नाही. हॉलमध्ये तशी धरणारा एक हात लागतो, आणि त्याच्याकडे बघणारं एक पोर. मुलुंडच्या हॉलमध्ये शिकवणारे बहुतेक शेकहँडचे, म्हणून शिकणारेही. यात पोरांचा कल कुठेच विचारलेला नसतो. ज्याची बोटं आपण होऊन चिमटीत वळतात त्याची मूठ दांड्यावर आवळण्याआधी शिक्षकाने थोडं थांबावं. त्या चिमटीतून काय निघेल हे कोणालाच आधी सांगता येत नाही.

*

उणीव नसलेला प्लाय करता येत नाही. सगळं येणारा हातही घडत नाही. दोन अपुऱ्या गोष्टी एकमेकींना पुरतात का, एवढंच पाहायचं असतं.

*

नवा प्लाय हातात आला की सुरुवातीला तो देत काहीच नाही, मागतच असतो. ताठ प्लाय म्हणतो, चेंडूपाशी वेळेवर ये, उशीर मी सावरणार नाही. लवचीक म्हणतो, ताकद तुझी तू आण. जड म्हणतो, मनगट कमव. एका बाजूचा म्हणतो, धाव. दोन बाजूंचा म्हणतो, दोन्ही हातखंडा होईपर्यंत धीर धर.

लोक विचारतात, हा प्लाय पेनहोल्डला कसा खेळतो? खेळायचं काम माणसाचं आहे. प्लायला विचारायचा प्रश्न एकच: तू माझ्याकडून काय मागणार? ते ऐकून घ्यावं, आपल्या वयाकडे, गुडघ्यांकडे, हाताशी असलेल्या वेळेकडे प्रामाणिकपणे पाहावं. जे मागणं आपण रोज, न कुरकुरता पुरवू शकू ते ज्याचं असेल, तो प्लाय घ्यावा. आणि एकदा घेतला की दुसऱ्याच्या हातातल्या प्लायशी तुलना करत न बसता सरावाला लागावं.